अरोरा, अमावास्या आणि आयटीआर

मराठी माणसाची सहल पॉइंटवर उभी असते. महाबळेश्वरचा सनसेट पॉइंट, माथेरानचा इको पॉइंट, पाचगणीचा पारसी पॉइंट. पॉइंटचा मोठा गुण म्हणजे तो जागचा हलत नाही. सकाळी नाही जमलं तर संध्याकाळी जावं, यंदा नाही तर पुढल्या मे महिन्यात. पावसाळ्यात आर्थर सीटला गेलं आणि समोर धुक्याशिवाय काही नसलं, तरी टॅक्सीवाला हात लांबवून सांगतो, "इथून खाली सगळं कोकण दिसतं." आपण मान डोलावतो, कणीस घेतो, पॉइंट झाला.

नॉर्दर्न लाइट्सना, म्हणजे उत्तर ध्रुवाकडच्या आकाशात रात्री दिसणाऱ्या अरोराला, पॉइंट नाही. माणशी काही लाख रुपये मोजून जिथे जायचं, तिथे ते त्या रात्री असतीलच याची हमी टूर कंपनी देत नाही, हवामान खातं देत नाही आणि ज्याच्यामुळे हे सगळं घडतं तो सूर्यही देत नाही. तरी हल्ली ज्या घरी जावं तिथे चहा संपायच्या आत कुणीतरी सुस्कारा सोडतंच, "एकदा नॉर्दर्न लाइट्स बघायचेत हो!" पूर्वी याच सुरात चारधाम म्हणायचे.

याला जबाबदार २०२४ साल. त्या वर्षी १० मेच्या रात्री पृथ्वीवर जे चुंबकीय वादळ आदळलं, तेवढं मोठं २००३ नंतर आलं नव्हतं. ज्या देशांत हा प्रकाश सहसा दिसत नाही तिथल्या लोकांनी घराच्या अंगणातून फोटो काढले. आपल्याकडे लडाखमध्ये, हानलेच्या वेधशाळेच्या कॅमेऱ्यांतही आकाशाची तांबूस कडा टिपली गेली. मग ऑक्टोबरात नासा आणि नोआ या अमेरिकी संस्थांनी जाहीर केलं, की सूर्य आपल्या अकरा वर्षांच्या चक्राच्या ऐन भरात आला आहे. टूर कंपन्यांनी या शास्त्रीय निवेदनाचा सारांश एका ओळीत केला: आत्ता नाही तर अकरा वर्षांनी. आमच्या आईने ती जाहिरात वाचून लगेच बेरीज केली. "अकरा वर्षांनी मी ब्याण्णव. तेव्हा थंडी सोसायची नाही." एक्याऐंशीला सोसते, हे ती धरूनच चालली होती.

खरं म्हणजे सूर्याचा भर ओसरत असतानाही मोठी वादळं येतात, आणि नॉर्वे-स्वीडनच्या उत्तर टोकाला तर सूर्य अगदी सुस्त असलेल्या वर्षांतही हा प्रकाश दिसतो. पण घाई नसली तर जाहिरात कसली?

तर आमच्याकडे समिती बसली. पहिला प्रश्न कुठे जायचं. दादाचं मत आइसलँडला. त्याचा हिशेब रोखठोक: "लाइट्स नाही दिसले तरी धबधबे आहेत, जमिनीतून उडणारे गरम पाण्याचे फवारे आहेत. पैसे अगदीच पाण्यात जाणार नाहीत." ते पाण्यातच जाणार होते, फक्त गरम पाण्यात. तिथल्या बऱ्याच हॉटेलांत रात्री आकाश उजळलं की खोलीतला फोन वाजवून उठवतात, हे कळल्यावर आईचंही मत तिकडे झुकलं. गिरगावातल्या चाळीत तिची कित्येक वर्षं रात्री अडीचला नळ आला की उठण्यात गेली आहेत. "आम्हाला तर फोनही लागत नसे. शेजारणी कडी वाजवायच्या," ती म्हणाली.

वहिनींना फिनलंड हवं होतं. रोवानिएमीला आर्क्टिक वर्तुळाच्या रेषेवर सांताक्लॉजचं गाव वसवलंय आणि त्याच्या उत्तरेला काचेच्या इग्लूंत झोपून वर आकाश बघायची सोय आहे. अंथरुणातून न उठता नॉर्दर्न लाइट्स ही कल्पना सगळ्यांनाच पटली होती. मग आईने विचारलं, "पडदे आहेत का?" त्यावर इतका वेळ शांतता पसरली, की फिनलंड तिथेच मागे पडलं.

भावोजी इंजिनियर. त्यांनी येतानाच नकाशाची छापील प्रत आणली होती. त्यांच्या मते शास्त्रशुद्ध जागा एकच: स्वीडनमधलं अबिस्को. पश्चिमेकडून येणारे ढग नॉर्वेच्या डोंगरांवर रिकामे होतात आणि पलीकडच्या अबिस्कोवर आकाश बऱ्याचदा मोकळं राहतं. सह्याद्री ओलांडल्यावर माण-खटावला पाऊस पोचत नाही, तोच प्रकार. पर्जन्यछायेत राहून कुणाचं भलं झाल्याचं आम्ही प्रथमच ऐकत होतो. पण तिथे डोंगरावरच्या निरीक्षणस्थानाला जायला उघड्या पाळण्यात बसून, रात्रीच्या अंधारात, उणे वीस-पंचवीस अंशांत वर जावं लागतं, हे भावोजींनी शेवटी, हळू आवाजात सांगितलं. आईने त्यांच्याकडे बघितलं. जावयाला ती उलट बोलत नाही, नुसती बघते.

राहिलं ट्रोम्सो. आर्क्टिक वर्तुळाच्याही सुमारे साडेतीनशे किलोमीटर वर असलेलं नॉर्वेचं हे शहर भाचीच्या यादीत पहिलं होतं, कारण तिच्या मोबाइलमधलं प्रत्येक हिरवं आकाश तिथलंच होतं. ट्रोम्सोचं नशीब म्हणजे समुद्रातल्या उबदार प्रवाहामुळे तिथे भर जानेवारीतही सरासरी तापमान उणे चारच्या आसपास असतं. त्याच समुद्रामुळे ढगही असतात. म्हणून तिथे लोकांना बसमध्ये घालून ढग नसलेल्या जागेच्या मागे हिंडवतात, कधी कधी पार फिनलंडच्या हद्दीपर्यंत. रात्रभर बसमध्ये बसायचं, मध्येच कुठेतरी उतरून काळोखात उभं राहायचं, पुन्हा चढायचं. एसटीने कोकणात जाणाऱ्यांना यात नवीन काही नव्हतं. ट्रोम्सो पास झालं.

मग आला "कधी" हा प्रश्न, आणि इथे आमच्या घरातलं खरं ज्ञान बाहेर पडलं.

पहिली सूचना अर्थात मे महिन्याची सुट्टी. ट्रोम्सोला साधारण २० मे ते २२ जुलै सूर्य मावळतच नाही, आणि त्याच्या आधीचा-नंतरचा काही काळही रात्र म्हणावी अशी रात्र होत नाही. लाइट्स असतात, पण भर उजेडात त्यांना कोण विचारतं? मे बाद झाल्यावर नाताळ. तेव्हा अंधार हवा तेवढा; नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत तिथे सूर्य क्षितिजावर येतच नाही. पण नाताळात सगळं जग तिथे असतं, ढगांसह, आणि दरही त्याच हिशेबाने.

भावोजींनी मग सांगितलं, की सप्टेंबर आणि मार्च, म्हणजे दिवस-रात्र समान असण्याच्या सुमारास, पृथ्वीचं आणि सूर्याकडून येणाऱ्या वाऱ्याचं चुंबकत्व एकमेकांशी अधिक सहज जुळतं आणि वादळं जास्त होतात. "सप्टेंबरअखेर?" आईने कालनिर्णय उघडलं. "पितृपक्ष." सप्टेंबर संपला.

"आणि चंद्र नको," भावोजी पुढे म्हणाले. "पौर्णिमेच्या आसपास फिकट प्रकाश चांदण्यात विरून जातो. अमावास्या धरून जायचं." अमावास्येला प्रवासाला निघणं आमच्या घरात कुणी केलेलं नाही. माझ्या एका आत्याचं लग्न एवढ्यावरून पंधरा दिवस पुढे गेलं होतं. विज्ञान आणि पंचांग समोरासमोर ठाकली, आणि मला वाटलं बेत इथेच बारगळणार. पण आई पानं उलटत राहिली, आणि मग तिने जे काही केलं त्यापुढे अमेरिकेच्या अंतराळ हवामान केंद्रानेही टोपी काढावी.

"महाशिवरात्र," ती म्हणाली.

क्षणभर कुणाला कळेना. मग एकेक उलगडत गेलं. महाशिवरात्र म्हणजे माघातल्या अमावास्येची आदली रात्र. चंद्र जवळजवळ नाहीच. येते फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे ट्रोम्सोला सूर्य परतलेला, दिवसा हिंडाफिरायला उजेड, रात्री पुरेसा काळोख, आणि भावोजींचा तो मार्चही जवळ. रात्रभर जागरण शास्त्रानेच सांगितलेलं. उपास असल्यामुळे नॉर्वेत शाकाहारी काय मिळणार हा प्रश्न निदान एका दिवसापुरता सुटलेला. निघायचं दोन दिवस आधी, म्हणजे अमावास्येला पाऊल घराबाहेर पडत नाही, ते आधीच बाहेर असतं. भावोजींनी कागदावर हिशेब करून पाहिला आणि सासूबाईंना मनापासून नमस्कार केला.

खोट एकच. फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रात दहावी-बारावीच्या परीक्षा असतात. आमच्या खानदानात कुणी ना कुणी नेहमी दहावीला असतंच, आणि एकाचं दहावीचं वर्ष म्हणजे चार घरांची नाकेबंदी. हा नियम सूर्यालाही लागू होईल असं वाटलं नव्हतं.

दहावीचं पुढे बघू म्हणून तारीख ठरली, तरी भावोजींचं समाधान झालं नाही. त्यांनी मोबाइलवर तीन अॅप घेतली आणि केपी बघायला लागले. केपी हा चुंबकीय खळबळीचा आकडा. शून्य ते नऊ, दर तीन तासांनी. शेअर बाजार बंद झाल्यावर संध्याकाळी त्यांना काही उद्योग नसे, तो मिळाला. "आज पाच होता!" असं ते डोंबिवलीत, कांदेपोहे खाता खाता सांगत. ट्रोम्सोला मुळात केपी एक-दोन असला तरी भागतं, कारण हा प्रकाश ज्या कड्यात पडतो ते कडं त्याच्या डोक्यावरूनच जातं. तिथे केपीपेक्षा ढगांचा अंदाज शंभरपट महत्त्वाचा. पण ढग काय, कुणीही बघतं. केपी बघणारा माणूस वेगळा दिसतो.

मूळ गंमत भावोजींनीच एका रविवारी समजावून सांगितली, आणि मला वाटतं या सगळ्या खटाटोपातलं हेच खरं तत्त्व आहे. सूर्यावरून विद्युतभारित कणांचा मोठा लोट सुटला की तो इथवर यायला एक ते तीन दिवस लागतात. पण त्याचं चुंबकत्व उत्तरेला तोंड करून आहे की दक्षिणेला, हे आधी नीट कळत नाही. दक्षिणेला असेल तर पृथ्वीचं दार उघडतं, कण ध्रुवांकडे उतरतात, शंभरेक किलोमीटर उंचीवर ऑक्सिजनला धडकतात आणि हिरवा उजेड पडतो. त्याहून बऱ्याच वर धडकले तर लाल. उत्तरेला असेल तर दार बहुतेक बंदच. आणि हे समजतं ते पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवर ठेवलेल्या उपग्रहांना ओलांडून लोट पुढे सरकल्यावर. तिथून इथे तो पाऊण-एक तासात येतो, जोरात असला तर पंधरा-वीस मिनिटांत. म्हणजे विमानाचं तिकीट सहा महिने आधी, हॉटेल चार महिने आधी, विमा, व्हिसा, रजेचा अर्ज सगळं वेळेवर, आणि मुख्य कार्यक्रम आहे की नाही हे कळणार पाऊण तास आधी. तेही ढग नसले तर.

"मग हे इथे कुणाला कळतं का?" आईने विचारलं. कळतं. अलिबागला कळतं. मुंबईत एखाद्याला भोळसट ठरवायचं तर "अलिबागसे आया है क्या?" विचारतात, तसं विचारायला बंदी घाला म्हणून २०१९ साली मुंबई उच्च न्यायालयात याचिका झाली आणि न्यायालयाने ती फेटाळली. पण पृथ्वीच्या चुंबकत्वाला केव्हा झटका बसला हे नोंदणारी वेधशाळा अलिबागलाच आहे, १९०४ पासून. आधी ती कुलाब्याला होती. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर सुयांना त्यांचा त्रास नको म्हणून खाडीपार नेली. १८५९ च्या सप्टेंबरात इतिहासातलं सगळ्यात गाजलेलं सौर वादळ आलं, तेव्हा कुलाब्याच्या उपकरणांनी त्याची अशी नोंद केली, की त्याचा अभ्यास करणारे आजही ते आकडे वापरतात. आणि ४ फेब्रुवारी १८७२ च्या वादळात तर खुद्द मुंबईच्या आकाशात हा प्रकाश दिसल्याचं तेव्हाच्या वर्तमानपत्रात आलं होतं.

हे ऐकून आई म्हणाली, "मग जायचं कशाला? गच्चीत बसू." दीडशे वर्षांत एकदा, या हिशेबाने तो पर्याय स्वस्त होता.

पुण्याच्या काकांना व्हिडिओ कॉलवर बेत सांगितला. पुण्यात कोणताही बेत सांगितला की त्याचा संदर्भग्रंथ मिळतो. "लोकमान्यांचं 'द आर्क्टिक होम इन द वेदाज' वाचलंय का? १९०३." ऋग्वेदातल्या उषेच्या सूक्तांत पहाट इतकी लांबते, की ती ध्रुवाजवळचीच पहाट असली पाहिजे, म्हणजे आर्यांचं मूळ ठिकाण तिकडे, असा टिळकांचा युक्तिवाद. तो आज इतिहासकार मानत नाहीत, पण काका इतिहासकारांना मानत नाहीत. "म्हणजे तुम्ही फिरायला चाललेले नाही," त्यांनी निकाल दिला. "मूळ गावी चालला आहात." मूळ गावी जायला व्हिसा लागतो याचं त्यांना मनापासून वाईट वाटलं. अर्जात प्रवासाच्या हेतूपुढे "पर्यटन" न लिहिता "आप्तेष्टांची भेट" लिहावं, अशी त्यांची सूचना आहे. शिवाय त्यांच्या माहितीप्रमाणे आपण तिथे परत पोचलोही आहोत: स्वालबार्ड बेटांवर २००८ पासून भारताचं हिमाद्री हे संशोधन केंद्र आहे, आणि ते चालतं गोव्यातल्या वास्कोहून. तिथे ऐन हिवाळ्यात भर दुपारीही काळोख असतो आणि लाइट्स दुपारीसुद्धा दिसू शकतात. जेवून, वामकुक्षीआधी. पुण्याला याहून सोयीचं काही असू शकत नाही.

व्हिसाबद्दल फार लिहीत नाही. ज्यांनी शेंगेनचा अर्ज केलाय त्यांच्या जखमा ताज्या असतील. शुल्क माणशी नव्वद युरो, विमा किमान तीस हजार युरोंचा, बँकेची स्टेटमेंटं, आयटीआर, मालकाचं पत्र, आणि रोज कुठे असणार, काय करणार याचा तारीखवार तक्ता. हा तक्ता भरताना दादाचा हात अडला. "दिनांक अमुक, रात्री नऊ ते दोन: आकाशाकडे बघणे." दुसऱ्या दिवशी? तेच. तिसऱ्या दिवशी? तेच. सलग चार रात्री काहीही न करता वर बघत उभे राहणारे लोक परत येतील, यावर कुठल्या दूतावासाने विश्वास ठेवावा?

कपड्यांचं लवकर आटोपलं. आत लोकरीचा थर, मध्ये ऊब धरणारा, वर वारा अडवणारा. सुती काही नको, घाम धरतं. ज्या माकडटोपीमुळे आमच्या बाबांना आयुष्यभर हसलो, तीच आता भलत्याच नावाने भलत्याच किमतीला दुकानात टांगलेली असते. खाण्याचं मात्र दुःखद आहे. युरोपबाहेरून नॉर्वेत दूध-दुभत्याचे पदार्थ नेता येत नाहीत. पुरणपोळी जाईल, तूप जाणार नाही. वहिनी अजून सावरलेल्या नाहीत.

पैशाविषयी एक गोष्ट मला फार आवडली. क्रिस्तियन बिर्केलांड या नॉर्वेच्या शास्त्रज्ञाने प्रयोगशाळेत चुंबकाचा गोळा घेऊन कृत्रिम अरोरा करून दाखवला आणि हा प्रकाश सूर्यामुळे पडतो हे सांगितलं. नॉर्वेने कृतज्ञतेने त्याला दोनशे क्रोनरच्या नोटेवर बसवलं. २०१७ साली नवी नोट आली, तिच्यावर कॉड मासा आहे. सगळ्या देशांना शेवटी पोट असतं.

आणखी एक सूचना गटातल्या तरुणांसाठी. लाइट्सकडे बघून शिट्टी वाजवू नये, ते खाली येऊन उचलून नेतात, असा तिथल्या सामी लोकांत पूर्वापार समज आहे. आपल्याकडचे लोक शिट्टी नाही वाजवणार, "गणपती बाप्पा" म्हणतील. त्याचा काय परिणाम होतो, याची नोंद नाही.

आता फोटोंचं. मोबाइलवर आलेलं ते लखलखीत हिरवं आकाश कॅमेऱ्याने कित्येक सेकंद डोळा उघडा ठेवून गोळा केलेलं असतं. माणसाचा डोळा अंधारात रंग ओळखण्यात कच्चा, फिकट अरोरा त्याला राखाडी ढगासारखाच दिसतो, आणि शेजारचा कुणीतरी "तोच, तोच!" म्हणेपर्यंत आपण ढगाला नमस्कार करत असतो. जोरात असला तर मात्र नुसत्या डोळ्यांनाही हिरवा दिसतो, कडेला गुलाबी, आणि हलतो, असं बघून आलेले सांगतात, आणि ते सांगताना त्यांचे हात आपोआप वर जातात.

म्हणून जाऊन आलेल्यांना एक विनंती. फोटो जरूर पाठवा, पण त्याखाली शटर किती सेकंद उघडं होतं, नुसत्या डोळ्यांना काय दिसलं आणि त्याआधी किती रात्री ढगात गेल्या, एवढं लिहा. आमच्या आईला त्यावरून ठरवायचंय, आणि व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या पंधरा दिवस आधीपर्यंतच घेतात.